माहितीची वाहतूक न थांबवता स्विचचे नूतनीकरण

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात रुमालात बांधलेली दप्तरे फळीवर रचून ठेवली जात, त्या काळी दप्तर काढून देणारा शिपाई रजेवर असला तर नक्कल मिळावयास एखादा दिवस उशीर होई. त्याहून मोठा खोळंबा सहसा होत नसे. आज परिस्थिती पालटली आहे. सातबाराचा उतारा, जन्ममृत्यूची नोंद, बँकेतील खाते, रुग्णालयातील क्ष-किरण प्रतिमा या साऱ्या गोष्टी संगणकीय माहिती केंद्रातील डिस्कवर साठवलेल्या असतात. केंद्रातील एखादे मोक्याचे यंत्र थांबले की एकाच वेळी शेकडो खिडक्यांवरील काम थांबते. खिडकीवरचा कर्मचारी 'सर्व्हर डाऊन आहे' एवढेच सांगू शकतो. आणि रोजगार बुडवून एस. टी.ने तालुक्याच्या गावी आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो.

अशा मोक्याच्या यंत्रांपैकी एक म्हणजे साठवण-जाळ्याचा स्विच. हे यंत्र वर्षानुवर्षे अहोरात्र चालते. आणि तरीही त्याच्या पोटातील आज्ञावली, म्हणजे त्याला चालवणारे सॉफ्टवेअर, ठरावीक काळाने बदलावे लागते. वाहतूक चालू असतानाच पूल दुरुस्त करण्यासारखे हे काम आहे. ते कसे साधते, कोठे साधत नाही, आणि त्याच्या यशाची खरी हमी कशात असते, याची माहिती केवळ तंत्रज्ञांपुरती मर्यादित राहू नये. खर्चास मंजुरी देणारे, सेवा बंद ठेवण्याच्या सूचनेवर स्वाक्षरी करणारे आणि ग्रामपंचायतीतील सेवा केंद्रांवर लक्ष ठेवणारे अशा सर्वांनाच तिचा उपयोग आहे.

साठवण-जाळे म्हणजे काय?

लहान कार्यालयातील संगणकाची डिस्क त्याच्याच पेटीत बसवलेली असते. मोठ्या केंद्रात अशी व्यवस्था पुरेशी ठरत नाही. तेथे आकडेमोड करणारे संगणक, म्हणजे सर्व्हर, एका बाजूस असतात. आणि शेकडो डिस्क एकत्र बांधून केलेली साठवण-यंत्रे दुसऱ्या बाजूस असतात. एखादा सर्व्हर बिघडला तर दुसरा सर्व्हर त्याच माहितीवर काम पुढे चालवू शकतो, हा या विभागणीचा मोठा लाभ होय. या दोहोंना जोडणारे जे स्वतंत्र जाळे, त्यास 'स्टोरेज एरिया नेटवर्क' म्हणतात. त्या जाळ्यातील जंक्शन म्हणजे स्विच.

या जाळ्यासाठी जी पद्धती विशेष रूढ झाली तिचे नाव फायबर चॅनेल. तिच्यावरील काम अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झाले आणि १९९४ मध्ये तिला तेथील राष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता मिळाली. कॅलिफोर्नियातील ब्रोकेड या कंपनीने १९९७ मध्ये आपला पहिला स्विच बाजारात आणला. सिस्को या कंपनीने २००२ मध्ये एम. डी. एस. या नावाची आपली यंत्रे आणली. ब्रोकेड ही कंपनी २०१७ मध्ये ब्रॉडकॉमने विकत घेतली. या काळात पोर्टचा वेग सेकंदाला एक गिगाबिटपासून वाढत वाढत चौसष्ट गिगाबिटपर्यंत गेला.

फायबर चॅनेलचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेतले पाहिजे. माहिती लहान लहान तुकड्यांत पाठवली जाते. त्या तुकड्यास फ्रेम म्हणतात. एक फ्रेम जास्तीत जास्त २,१४८ बाइटची असते. नेहमीच्या संगणक-जाळ्यात एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवला जातो. साठवण-जाळ्यात मात्र तुकडा हरवूच नये अशी तजवीज आधी केलेली असते. एकेरी लोहमार्गावर पुढच्या स्थानकाकडून 'लाइन क्लिअर' मिळाल्याशिवाय स्टेशन मास्तर गाडी सोडत नाहीत. त्याचप्रमाणे समोरच्या पोर्टमध्ये जागा मोकळी असल्याची खूण मिळाल्याशिवाय फ्रेम पुढे पाठवली जात नाही. सर्व्हरवरील आज्ञावल्याही आपली डिस्क सदैव हाताशी आहे असे गृहीत धरून लिहिलेल्या असतात. म्हणूनच या जाळ्यातील लहानसा खंडही पुष्कळदा महागात पडतो.

आज्ञावली बदलावी का लागते?

'चालते आहे ना, मग हात कशाला लावावयाचा?' असा प्रश्न अनेक कार्यालयांत विचारला जातो. त्यामागील भीती समजण्यासारखी आहे. परंतु आज्ञावली न बदलणे हा सुरक्षित पर्याय आहे, ही समजूत खरी नाही.

आज्ञावलीतील काही दोष काळ लोटल्यावरच प्रकट होतात. याचे एक प्रसिद्ध उदाहरण वेळ मोजणाऱ्या गणकाचे आहे. अनेक जुन्या यंत्रांत वेळ मोजण्यासाठी बत्तीस द्विमान अंकांचा गणक असे व तो सेकंदाला शंभर टोले मोजी. बत्तीस द्विमान अंकांत सुमारे ४२९ कोटींपर्यंतच मोजता येते. हा आकडा शंभराने भागला असता सुमारे ४ कोटी २९ लाख सेकंद, म्हणजे ४९७ दिवस होतात. त्यानंतर गणक पुन्हा शून्यावर येतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने या घटनेचा विचार केलेला नसेल, तर सव्वा वर्षाहून अधिक काळ निर्वेधपणे चाललेले यंत्र एके दिवशी अचानक चुकू लागते. ते 'चालत होते' हेच अशा वेळी त्याच्या चुकण्याचे कारण ठरते.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. स्विचच्या नियंत्रक भागात बहुधा लिनक्स या कार्यप्रणालीवर आधारलेली आज्ञावली असते. सप्टेंबर २०१४ मध्ये लिनक्ससोबत सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'बॅश' या उपयोजनेत गंभीर दोष आढळला. तेव्हा सर्व्हरबरोबरच जाळ्यांतील अनेक उपकरणांच्याही नव्या आवृत्त्या घाईने काढाव्या लागल्या. असा दोष जाहीर झाल्यावर जुनी आवृत्ती चालू ठेवणे म्हणजे कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे तरी आहे हे ठाऊक असूनही कुलूप न बदलणे होय.

तिसरे कारण सुसंगतीचे. नवे साठवण-यंत्र वा नवा सर्व्हर विकत घेतला म्हणजे त्याचा निर्माता स्विचची अमुक आवृत्ती असावी अशी अट घालतो. ती पुरी झाली नसेल तर बिघाडाच्या वेळी साहाय्य मिळावयास अडचण येते.

विचार करणारा भाग आणि वाहून नेणारा भाग

चालू स्विचची आज्ञावली वाहतूक न थांबवता बदलता येते, याचे मूळ त्याच्या रचनेत आहे. स्विचमध्ये दोन निराळी कामे निराळ्या भागांकडे सोपवलेली असतात.

पहिला भाग नियंत्रकाचा. हा एक साधा संगणकच असतो. नव्याने जोडलेल्या सर्व्हरची नोंद करणे, कोणत्या सर्व्हरला कोणते साठवण-यंत्र दिसावे याचे नियम पाळणे, शेजारच्या स्विचशी विचारविनिमय करून जवळचा मार्ग ठरवणे आणि या सर्वांवरून मार्गांचे कोष्टक तयार करणे ही त्याची कामे. दुसरा भाग वाहकाचा. यात खास या कामासाठी घडवलेल्या चिप असतात. आलेल्या फ्रेमवरील पत्ता वाचावयाचा, कोष्टकात पाहावयाचे आणि योग्य पोर्टातून ती बाहेर पाठवावयाची, एवढेच त्यांचे काम. परंतु ते विलक्षण वेगाने चालते. बत्तीस गिगाबिटच्या एका पोर्टातून पूर्ण आकाराच्या फ्रेम सेकंदाला सुमारे १५ लाख जाऊ शकतात. प्रत्येक फ्रेमसाठी नियंत्रकाची अनुमती घ्यावयाची म्हटले तर कोणताही नियंत्रक पुरा पडणार नाही. म्हणून कोष्टक एकदा चिपमध्ये लिहून दिले की वाहकाला नियंत्रकाची क्षणोक्षणी गरज राहत नाही.

हीच गोष्ट नूतनीकरणास उपकारक ठरते. नियंत्रक थोडा वेळ बंद झाला तरी चिपमधील कोष्टक तसेच राहते आणि फ्रेमची ये-जा चालू राहते. वाहतूक नियंत्रण शाखेचे कार्यालय काही वेळ बंद राहिले तरी रस्त्यावरील दिशादर्शक पाट्या पाहून वाहने आपल्या मार्गाने जात राहतात, तसाच हा प्रकार आहे. मात्र त्या अवधीत नवा रस्ता उघडता येत नाही, की बंद पडलेल्या रस्त्यावरील वाहने दुसरीकडे वळवता येत नाहीत.

दोन प्रती, दोन नियंत्रक

आज्ञावली बदलण्याची रीत निरनिराळ्या निर्मात्यांची काहीशी वेगळी असली तरी तिचे तत्त्व एकच आहे. ब्रोकेडच्या स्विचमध्ये आज्ञावली साठवण्याच्या जागेचे दोन सारखे भाग असतात. चालू आवृत्ती एका भागातून काम करीत असता नवी आवृत्ती दुसऱ्या भागात उतरवली जाते. तोवर कोणताही बदल घडत नाही. त्यानंतर नियंत्रक आपली चालू स्थिती जपून ठेवतो, पुन्हा सुरू होतो आणि या वेळी नव्या भागातून कामास लागतो. सर्व ठीक आहे असे दिसल्यावरच नवी आवृत्ती पहिल्या भागातही उतरवली जाते. ही शेवटची पायरी होईपर्यंत जुनी आवृत्ती यंत्रात शाबूत असते आणि तिच्याकडे परतता येते.

मोठ्या आकाराच्या स्विचना डायरेक्टर म्हणतात. त्यांत दोन नियंत्रक असतात. एक काम पाहतो. दुसरा सर्व नोंदी आपल्याकडे उतरवून घेत सज्ज उभा असतो. प्रथम या सज्ज नियंत्रकावर नवी आज्ञावली चढवली जाते. मग तो कामाची सूत्रे हाती घेतो आणि पहिल्याचे नूतनीकरण होते. सिस्कोच्या डायरेक्टरमध्ये यानंतर पोर्टांची पत्रे एकामागून एक नव्या आवृत्तीवर आणली जातात.

दोन नियंत्रकांची ही कल्पना नवीन नाही. अमेरिकेतील बेल कंपनीने १९६५ मध्ये न्यू जर्सी राज्यातील सुकासुना या गावी संगणकीय आज्ञावलीवर चालणारे टेलिफोन एक्स्चेंज सुरू केले. चाळीस वर्षांत मिळून दोन तासांपेक्षा अधिक काळ ते बंद राहू नये, असे उद्दिष्ट त्याच्या रचनाकारांपुढे होते. त्यासाठी त्यांनी त्यातील प्रक्रियक दुहेरी ठेवले होते. आजचे डायरेक्टर हे त्याच विचारपरंपरेतील आहेत.

ऐंशी सेकंदांची मुदत

लहान स्विचमध्ये नियंत्रक एकच असतो. तो पुन्हा सुरू होत असताना काही काळ यंत्राचा विचार करणारा भाग अनुपस्थित असतो. या अनुपस्थितीला एक मर्यादा आहे. जोडलेले स्विच एकमेकांना ठरावीक अंतराने आपण कार्यरत असल्याचा निरोप पाठवतात. फायबर चॅनेलच्या मार्गनिर्णयाच्या पद्धतीत हे अंतर सर्वसाधारणपणे २० सेकंदांचे असते. ८० सेकंदांपर्यंत निरोप आला नाही, तर शेजारचा स्विच तो दुवा तुटला असे मानतो व आपली कोष्टके बदलू लागतो.

म्हणून नव्या आवृत्तीचा नियंत्रक या मुदतीच्या आत जागा होऊन बोलू लागला पाहिजे. या ८० सेकंदांत पूर्ण वेगाने भरलेल्या बत्तीस गिगाबिटच्या एका पोर्टातून सुमारे १२ कोटी फ्रेम जाऊ शकतात. त्या सर्व नियंत्रकाविना जातात आणि पलीकडच्या सर्व्हरला त्याची जाणीवही होत नाही. परंतु याच अवधीत कोणी नवा सर्व्हर सुरू केला तर त्याची नोंद होणार नाही. कोणी तार उपटली वा नियम बदलू पाहिले, तर नूतनीकरणाची क्रियाच फसण्याचा संभव असतो. यास्तव या काळात जाळे स्थिर असावे, त्यात कोणताही बदल करू नये, हा नियम कटाक्षाने पाळावा लागतो.

खरी हमी : दुसरा मार्ग

यंत्राची रचना कितीही कुशल असली तरी केवळ तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे. नियंत्रक वेळेत जागा झाला नाही, एखादी चिप नव्या आवृत्तीत नव्याने सुरू करावी लागली, किंवा पुन्हा सुरू होताना एखादा जुना भाग निकामी झाला, तर पुढे काय, याचे उत्तर आधी तयार असावे लागते. ते उत्तर म्हणजे दुसरा मार्ग.

सुव्यवस्थित केंद्रात साठवण-जाळे एक नसते, दोन असतात. त्यांना सामान्यतः 'अ' आणि 'ब' म्हणू. दोहोंचे स्विच वेगळे, तारा वेगळ्या, वीजपुरवठाही शक्य तेथे वेगळा. आणि दोन्ही जाळी एकमेकांस जोडलेली नसतात. प्रत्येक सर्व्हरची एक जोडणी 'अ' मध्ये व दुसरी 'ब' मध्ये असते. साठवण-यंत्राचेही तसेच. सर्व्हरवरील बहुमार्गी आज्ञावली दोन्ही वाटांवर लक्ष ठेवते आणि एक वाट बंद पडली की अडलेले काम दुसऱ्या वाटेने पाठवते. लिनक्समध्ये डिस्कला दिलेल्या आज्ञेची वाट साधारणतः ३० सेकंद पाहिली जाते. नूतनीकरण फसून स्विच पूर्णपणे बंद होऊन सुरू व्हावयाचा झाल्यास काही मिनिटे लागतात. या दोन आकड्यांतील तफावत दुसरा मार्गच भरून काढतो. तो नसेल तर डेटाबेस थांबतो. तो असेल तर फार तर थोड्या सेकंदांची संथगती जाणवते.

येथेच या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. दुसरा मार्ग असणे आणि दुसरा मार्ग चालू असणे या एकच गोष्टी नव्हेत. एका मार्गाने काम सुरळीत चालू असते, म्हणून दुसरा मार्ग बंद पडला तरी खिडकीवर तक्रार येत नाही. तार सैल झालेली असते, नवा सर्व्हर घाईत एकाच जाळ्याला जोडलेला असतो, किंवा 'ब' जाळ्यातील नियमांत त्याचे नाव घालावयाचे राहून गेलेले असते. महिनोन् महिने हे कोणाच्याही ध्यानात येत नाही. नंतर 'अ' जाळ्याचे नूतनीकरण सुरू होते, तेथे काही कारणाने खंड पडतो आणि त्या सर्व्हरपुरता तोच एकमेव मार्ग होता हे तेव्हा उघडकीस येते. दोष नूतनीकरणाने निर्माण केलेला नसतो. तो आधीच असतो. नूतनीकरण तो केवळ उजेडात आणते, आणि तेही सर्वांत गैरसोयीच्या वेळी.

दुसरी एक बाब भाराची. 'अ' आणि 'ब' या दोन्ही जाळ्यांवर नेहमी साठ-साठ टक्के वाहतूक असेल, तर एक बंद पडल्यावर उरलेल्या एकावर एकशे वीस टक्के भार येईल. हे अशक्य आहे. दोन पाइपलाइनींपैकी एक बंद ठेवून दुसरीने गावाला पाणी द्यावयाचे, तर ती एकटी पुरेल इतकी मोठी असली पाहिजे. म्हणून दोन्ही जाळ्यांचा भार मिळून एका जाळ्याच्या क्षमतेच्या आत राहतो की नाही, हे गर्दीच्या वेळचे आकडे पाहून ठरवावे लागते.

पूर्वतयारी आणि कार्यवाहीचा क्रम

चांगल्या नूतनीकरणातील बहुतेक काम प्रत्यक्ष नूतनीकरणाच्या आधीच झालेले असते. त्याची पायरी पायरीने मांडणी अशी करता येईल.

१. निर्मात्याने नव्या आवृत्तीसोबत दिलेले निवेदन पूर्ण वाचावे. कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर वाहतूक न थांबवता जाता येते, हे त्यात स्पष्ट दिलेले असते.

२. सर्व्हर, साठवण-यंत्र व स्विच यांच्या आवृत्त्या परस्परांशी सुसंगत असल्याची खात्री करावी.

३. स्विचमधील सर्व नियम व रचना यांची प्रत काढून ती अन्यत्र सुरक्षित ठेवावी.

४. आज्ञावलीची फाइल निर्मात्याकडूनच घ्यावी आणि निर्मात्याने दिलेल्या पडताळणी-अंकाशी ती जुळते हे पाहावे.

५. जाळ्याची प्रकृती तपासावी. किती उपकरणांची नोंद आहे, स्विचमधील किती दुवे चालू आहेत, कोणत्या पोर्टवर चुकांची संख्या वाढत आहे, कोठे प्रकाशाची तीव्रता क्षीण झाली आहे, याची लेखी नोंद करावी. आजारी पोर्ट आधी बरे करावेत, नूतनीकरण नंतर.

६. प्रत्येक सर्व्हरवर जाऊन दोन्ही मार्ग जिवंत असल्याचे पाहावे. एकही सर्व्हर वगळू नये.

सिस्कोच्या यंत्रात नूतनीकरणापूर्वी त्याचा परिणाम विचारण्याची सोय आहे. प्रत्येक भागापुढे काम अखंड राहील की खंडित होईल हे यंत्र कोष्टकात दाखवते आणि अनुमती मिळाल्यावरच पुढे जाते. हे कोष्टक न वाचता अनुमती देणे म्हणजे प्रस्ताव न वाचता स्वाक्षरी करण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष कार्यवाहीचा पहिला नियम असा की, दोन्ही जाळ्यांना एकाच रात्री हात लावू नये. आधी फक्त 'अ' जाळे घ्यावे, आणि त्यातही एका वेळी एकच स्विच. तो स्विच पूर्ण सज्ज झाला, त्यावरील उपकरणांची संख्या पूर्वीच्या नोंदीशी जुळली आणि सर्व्हरवरील मार्ग पुन्हा जिवंत दिसले, म्हणजे पुढचा घ्यावा. 'अ' जाळे पूर्ण झाल्यावर काही दिवस थांबावे. नव्या आवृत्तीत एखादा दोष असेल तर तो या दिवसांत दिसू शकतो. आणि तो दिसला तरी 'ब' जाळे जुन्या, परिचित आवृत्तीवर चालू असल्याने सेवा सुरक्षित राहते. घाईने एकाच बैठकीत दोन्ही जाळी बदलणारा आपला दुसरा मार्ग स्वतःच्या हाताने काढून टाकत असतो.

जेथे अखंडता मिळत नाही

'अखंड नूतनीकरण' या शब्दांना काही मर्यादा आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. सर्वसाधारणपणे लगतच्या आवृत्तीवरूनच वाहतूक न थांबवता पुढे जाता येते. मधल्या आवृत्त्या गाळून एकदम उडी मारली तर स्विच पूर्ण बंद होऊन सुरू होतो. म्हणजे ज्या कार्यालयाने भीतीपोटी चार-पाच वर्षे नूतनीकरण टाळले, त्याच्यासाठी अखंडतेची वाट लांबत जाते. एक तर अनेक पायऱ्या एकामागून एक चढाव्या लागतात किंवा खंड सोसावा लागतो. टाळलेले काम नाहीसे होत नाही. ते अधिक कठीण होऊन परत येते.

दूरच्या शहरातील आपत्कालीन केंद्राशी इंटरनेट प्रोटोकॉलवरून बांधलेले साठवण-दुवे अनेक यंत्रांत नूतनीकरणाच्या वेळी तुटतात. तेथे चालणारी माहितीची दुसरी प्रत करण्याची क्रिया आधी रीतसर थांबवून नंतर पुन्हा सुरू करावी लागते. सिस्कोच्या यंत्रांत नियंत्रकाच्या आज्ञावलीहून निराळ्या, पत्र्यावरील चिपमध्ये बसवलेल्या आज्ञावलीचा बदल असेल, तर त्या पत्र्यावरील पोर्ट काही वेळ बंद होतात. यांपैकी कोणतीही गोष्ट आपत्ती नाही. दुसरा मार्ग असेल तर त्यांतूनही सेवा चालू राहते. मात्र त्या आधी ठाऊक असाव्या लागतात.

प्रशासनाने काय पाहावे?

स्विचच्या आज्ञा अधिकाऱ्याला पाठ असण्याची आवश्यकता नाही. परंतु नूतनीकरणाचा प्रस्ताव समोर आला असता काही प्रश्न विचारणे त्याला सहज शक्य आहे. सर्व सर्व्हरचे दोन्ही मार्ग चालू असल्याची तपासणी कोणत्या दिवशी झाली व तिची यादी कोठे आहे? एक जाळे बंद पडल्यास दुसरे गर्दीचा भार पेलेल काय? दोन्ही जाळ्यांमध्ये किती दिवसांचे अंतर ठेवले आहे? बिघाड झाल्यास जुन्या आवृत्तीकडे परतण्याचा निर्णय कोण व किती वेळात घेईल? मागील नूतनीकरण केव्हा झाले? या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली तर काम योग्य हातांत आहे असे समजावे. 'काही होणार नाही, साहेब' एवढेच उत्तर मिळाले तर प्रस्ताव परत पाठवणे हिताचे.

देखभालीच्या करारातही याची तरतूद असावी. केवळ बिघाड दुरुस्त करण्यासाठी माणूस येईल असे न लिहिता, वर्षातून ठरावीक वेळा आवृत्त्यांचा आढावा, दोन्ही मार्गांची चाचणी आणि तिचा लेखी अहवाल यांचा स्पष्ट उल्लेख केलेला बरा. यंत्रे दुहेरी घेण्यासाठी मोठा खर्च होतो. तो दुहेरीपणा प्रत्यक्ष कामाचा आहे की नाही हे पाहण्यासाठी लागणारा वेळ त्या मानाने फारच थोडा असतो.

ग्रामपंचायतींच्या आणि शाळांच्या दृष्टीनेही यातून एक बोध निघतो. सेवा थोडा वेळ बंद राहण्याची शक्यता असेल तर तशी सूचना आधी मिळावी, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती मांडली गेली पाहिजे. सूचना वेळेवर फलकावर लागली तर माणसाचा एक दिवस वाचतो. शिक्षकांना हा विषय विद्यार्थ्यांपुढे मांडताना चिपच्या तपशिलात शिरण्याची गरज नाही. गावाला वीज पोचवणाऱ्या दोन फीडरचे उदाहरण घेतले तरी पुरे. दुसरा फीडर कागदावर आहे की प्रत्यक्षात, हे पहिला बंद पडण्यापूर्वी कसे ओळखावे, या एका प्रश्नातून विद्यार्थी या साऱ्या शास्त्राच्या गाभ्याशी पोचू शकतील.

नूतनीकरण उत्तम रीतीने पार पडले म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणालाही काही वेगळे घडल्याचे जाणवत नाही. सातबारा मिळतो, दाखला मिळतो, रुग्णाची जुनी प्रतिमा डॉक्टरांसमोर उघडते. या कामाचे यश असे अदृश्य असते. म्हणून त्याचे श्रेयही क्वचितच कोणास मिळते. परंतु तालुक्याच्या गावी आलेला माणूस काम उरकून दुपारच्या एस. टी.ने घरी परतला, एवढी एक गोष्ट त्या रात्री जागलेल्यांच्या शिस्तीची पावती म्हणून पुरेशी आहे.